खैरटोल्याच्या लग्नाची शूटिंग

सिंदेवाहीच्या बसस्टँडकडून बाजाराकडे वळलं की झेरॉक्सच्या दुकानाला लागून माधवी खोब्रागडेचा स्टुडिओ होता. पुढच्या खोलीत निळा पडदा आणि पासपोर्ट फोटोसाठी स्टूल, मागच्या खोलीत कॉम्प्युटर. तिचे वडील वामनराव शाळामास्तर. पोरीनं डी.एड. करावं अशी त्यांची फार इच्छा होती, आणि पोरगी चंद्रपूरला जाऊन कॅमेरा शिकून आली. वामनराव बरेच दिवस तिच्याशी धड बोलले नाहीत. मग एका रविवारी स्वतःच दुकानाचा बोर्ड रंगवून घेऊन आले.

आमच्याकडे लग्नाची शूटिंग करणारे तोवर सगळे पुरुष. हळदीला बायकांच्या घोळक्यात कॅमेरावाला शिरला की बायका गाणं अर्ध्यावर सोडून पदर सावरत बसायच्या. माधवी गेली की कोणी थांबत नसे. उलट "ये वं, इथी बस, इथून बरं दिसते," म्हणून जागा करून देत. त्यामुळे गावोगावची बोलावणी तिला येऊ लागली. ती बोलायला मोकळी, हसायला मोठी, आणि कामात घाईची. एका लग्नाचं काम संपायच्या आत तिचं अर्धं मन दुसऱ्या गावच्या मांडवात गेलेलं असे.

त्या दिवसांत पेनड्राइव्हसोबत व्हायरस गावभर फिरत असत आणि माधवीचा कॉम्प्युटर सारखा बंद पडायचा. तिचा मामेभाऊ नागसेन ब्रह्मपुरीच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवत होता. २००७च्या दिवाळीत तो आला आणि विंडोज काढून त्यानं लिनक्स ही दुसरी सिस्टीम बसवून दिली. व्हायरसची कटकट संपली. जाताना त्यानं एवढंच बजावलं होतं, की बाहेरून जोडलेली हार्डडिस्क काढायच्या आधी तिच्या चित्रावर जाऊन 'अनमाउंट' कर, मगच वायर ओढ. माधवीनं पहिले काही दिवस ते पाळलं. पुढे घाईत वायर नुसतीच ओढली तरी काही बिघडत नाही, असं तिला दिसलं, आणि ती ते विसरली.

पुढच्या मे महिन्यात तिनं खैरटोल्याला एक लग्न केलं. तलावाकाठचं ढिवरांचं गाव. नवरी आचल, लटारू आणि कुंताबाईंची मुलगी. लटारू तलावात आणि नदीत मासोळी धरायचा, थोडी धानाची शेतीही होती. लग्न छान झालं. माधवीनं नेहमीप्रमाणे शूटिंग कॉम्प्युटरवर घेतली, कापाकापी केली, वरून सिनेमातली गाणी टाकली आणि सीडी देऊन टाकली. कॅमेऱ्याच्या कॅसेटवर दुसऱ्या गावचं लग्न घेतलं. सगळे असंच करत. मूळ न कापलेली शूटिंग तेवढी कॉम्प्युटरमध्ये पडून होती.

ऑगस्टमध्ये एका सकाळी कुंताबाई आचलला घेऊन दुकानात आल्या. माधवीनं आचलला ओळखलं आणि हसून म्हणाली, "काय म्हणते सासर?"

आचलनं आईसाठी स्टूल पुढे ओढलं. कुंताबाई स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, "बाई, आमच्या देवाचं बोलणं पाह्यजे होतं."

"कोणता देवा?"

"माहा पोरगा. देवानंद. धानाच्या रोवणीत वीज पडली त्याच्यावर."

माधवी उभी होती ती खाली बसली. तिला लग्नातला तो पोरगा आठवला. वीस-बावीस वर्षांचा, उंच, चेक्सचा शर्ट घातलेला, पाण्याच्या बादल्या घेऊन मांडवभर पळणारा. त्याच्यावर वीज पडली हे तिच्या कानावरही आलं नव्हतं.

"बांधीत रोपाचे पऱ्हे टाकून राह्यला होता," कुंताबाई म्हणाल्या. "ढग तं तलावाच्या त्या पल्याड होते. आमच्या डोक्यावर ऊन होतं, बाई. मी त्याच्याकडे पाहून राह्यली होती आणि तो पडला."

हे त्यांनी रडत सांगितलं नाही. अजून स्वतःलाच पटत नसल्यासारखं सांगितलं.

आचल म्हणाली, "त्याचे फोटो हायेत. बोलणं कुठीच नाई. तुमची सीडी लावून पाह्यली. त्याच्यात तो दिसते, तोंड हलते, पण गानंच वाजते."

ते गाणं माधवीनंच टाकलेलं होतं. तिनं कुंताबाईंचा हात धरला. "बाई, माझ्याजवळ बिगरगाण्याची शूटिंग आहे. आत्ता काढून देते. तुम्ही बसा."

मागच्या खोलीत जाऊन तिनं कपाटातली हार्डडिस्क काढली. आठवड्यापूर्वीच तिनं सगळ्या जुन्या लग्नांच्या फायली कॉम्प्युटरवरून उचलून या डिस्कवर हलवल्या होत्या, कारण कॉम्प्युटर भरला होता. मायलेकी तिच्या मागेच येऊन उभ्या राहिल्या. तिनं वायर जोडली. डिस्कचा छोटा दिवा लागला, आत घरघर झाली, आणि पडद्यावर एक चौकट उघडली. ही डिस्क जोडता येत नाही. मागच्या वेळी ती नीट बंद केलेली नाही.

माधवीनं वायर काढून पुन्हा लावली. दुसऱ्या भोकात लावली. तीच चौकट. खाली बारीक अक्षरात बरंच काही होतं आणि शेवटी एक ओळ होती, की तरीही जोडायचीच असेल तर जबरदस्तीनं जोडण्याचा हुकूम असा द्यावा. तिनं तो हुकूम टाइप करायला घेतला, मग मध्येच थांबून नागसेनला फोन लावला.

"काय लिहून आहे ते वाचून दाखव," नागसेन म्हणाला. तिनं वाचलं. "वायर कशी काढली होती?"

"ओढली."

"अनमाउंट न करता?"

"कॉपी झाली होती, दादा! पडद्यावरची पट्टी पूरी भरली, खिडकी बंद झाली. लाइट जायचा टाइम होता म्हणून मी ओढली. झालं म्हणूनच सांगितलं होतं कॉम्प्युटरनं!"

"पडद्यावर झालं म्हणजे डिस्कवर झालं असं नाई, माधवी. डिस्क हळू चालते. कॉम्प्युटर सामान आपल्याजवळ धरून ठेवते आणि मंग सवडीनं तिले देत राह्यते. अनमाउंट म्हटलं की उरलंसुरलं सगळं देऊन टाकते, आणि ही नीट बंद झाली अशी खूण करते. तू मधातच ओढली. आता ती खूण नाई, म्हणून लिनक्स तिले हात लावाले तयार नाई. बरं, कॉम्प्युटरवर तं असन ना ते? कॉपीच केलं ना?"

माधवीनं डिस्कच्या दिव्याकडे पाहिलं.

"माधवी?"

"कट करून पेस्ट केलं."

कट करून हलवलं की इकडची फाइल पुसली जाते. म्हणजे इकडे पुसलं आणि तिकडे पोचलं की नाही ठाऊक नाही. आणि त्या मोकळ्या झालेल्या जागेवर माधवीनं आठवडाभरात एक बारसं आणि एका शाळेचा कार्यक्रम उतरवून ठेवला होता.

"जबरदस्तीचा हुकूम देऊ नको," नागसेन म्हणाला. "काहीच लिहू नको तिच्यावर. डिस्क घे आणि माझ्याकडे ये."

फोन ठेवून माधवी वळली. कुंताबाई डिस्कच्या दिव्याकडे बघत होत्या. "मेली का ती?" त्यांनी विचारलं.

माधवीच्या तोंडातून निघालं, "नाई बाई. अजून नाई."

ब्रह्मपुरीची बस नागभीडवरून जाते. रस्ताभर माधवीनं डिस्क रुमालात गुंडाळून मांडीवर दोन्ही हातांनी धरली होती. खड्डा आला की ती हात वर उचलायची. शेजारच्या बाईनं आत काय आहे म्हणून विचारलं, तर तिनं डिस्क आणखी जवळ ओढली.

कॉलेजच्या कॉम्प्युटरच्या खोलीत नागसेननं डिस्क जोडली, पण उघडायचा प्रयत्न केला नाही. आधी कॉम्प्युटरच्या नोंदी पाहिल्या. डिस्क जोडल्याबरोबर तिचं नाव, तिचा आकार तिथं बरोबर उमटला होता. "हे चांगलं झालं," तो म्हणाला. "डिस्क जिवंत आहे. मोडली नाई. आतला हिशेब तेवढा अर्धवट राह्यला." मग त्यानं एक दुसरी, रिकामी डिस्क लावली आणि माधवीच्या डिस्कची पहिल्या कणापासून शेवटच्या कणापर्यंत जशीच्या तशी नक्कल सुरू केली. जे काही करायचं ते नकलेवर करायचं, मूळ डिस्क बाजूला ठेवून द्यायची. चुकलो तरी पुन्हा सुरुवात करता आली पाहिजे.

नक्कल व्हायला दुपार गेली. नागसेननं डबा उघडून तिच्यापुढे केला, तिनं घास घेतला नाही.

मग त्यानं ती नक्कल 'फक्त वाचायची' अशी अट घालून उघडली, आणि ती उघडली. पडद्यावर फोल्डरं आली. सिंदेवाही, नवरगाव, सावली, आणि त्यांच्यामध्ये खैरटोला. माधवीनं नागसेनच्या हातातून माऊस ओढूनच घेतला. खैरटोल्याच्या फोल्डरमध्ये सगळ्या फायली नावानिशी होत्या. हळद, मांडव, वरात, जेवण. तिनं पहिलीवर क्लिक केलं.

काही नाही. दुसरी. काही नाही. नागसेननं फायलींचे आकार पाहिले. सगळ्यांसमोर शून्य.

"हे कसं?" माधवी ओरडली. शेजारच्या टेबलावरचे विद्यार्थी वळून बघू लागले. "नाव आहे आणि आत काहीच नाई?"

"नाव आधी लिहून झालं. आतला माल कुठं ठेवला याची नोंद व्हायच्या आधी वायर निघाली," नागसेन म्हणाला. "माल आला असन तर असन कुठंतरी. नोंद नाई त्याची."

माधवी नंतर सांगायची, की सकाळी चौकट दिसली तेव्हा तिला भीती वाटली होती, पण ती शून्यांची ओळ पाहून सगळं संपलं असंच वाटलं. एका आईला तिनं 'आत्ता काढून देते' म्हटलं होतं.

नागसेननं अजून एक उपाय केला. नावं, नोंदी, फोल्डरं यांच्याकडे अजिबात न बघता सगळी डिस्क धुंडाळणारा आणि जिथं जिथं व्हिडिओची सुरुवात दिसेल तिथून तो तुकडा उचलणारा एक प्रोग्राम असतो. त्यानं तो नकलेवर सोडला. दुसऱ्या दिवशी माधवी पुन्हा ब्रह्मपुरीला गेली तेव्हा शेकडो तुकडे जमा झाले होते. एकालाही नाव नव्हतं. नुसते आकडे.

ती एकेक उघडून पाहू लागली. डिस्कवर कधीकाळी ठेवलेलं आणि पुसलेलंही त्यात निघालं. दोन वर्षांपूर्वीची वरात, कोणाचं तरी डोहाळजेवण, तिच्याच दुकानाच्या उद्घाटनाला नारळ फोडणारे वामनराव. काही तुकडे अर्ध्यातच फाटलेले, चेहऱ्यांचे रंगीत चौकोन झालेले. आपण जे पुसलं म्हणून निश्चिंत होतो ते सगळं आत तसंच बसलेलं होतं आणि जे जपून ठेवलं म्हणत होतो तेच सापडत नव्हतं, याचा तिला धक्काच बसला.

दुपारनंतर खैरटोला सापडू लागलं. तलावाची पाळ. हळदीच्या बायका. पंगतीत देवानंद दिसायचा, पण दूर, पाठमोरा, बादली घेऊन. त्याचा आवाज बँडखाली दबलेला. मग एक तुकडा असा निघाला, ज्यात नुसता रिकामा मांडव होता. माधवी कॅमेरा स्टँडवर ठेवून जेवायला गेली होती आणि बंद करायला विसरली होती. थोड्या वेळानं देवानंद चौकटीत आला. वाकून भिंगात बघितलं. इकडेतिकडे पाहिलं. आणि एकदम छाती पुढे काढून घोगऱ्या आवाजात कोणावर तरी खेकसू लागला. नंतर हसला. कॅमेऱ्याकडे बघून त्यानं आणखी एक वाक्य म्हटलं. तेवढ्यात कोणीतरी हाक मारली आणि तो पळाला.

माधवीनं ते वाक्य दोनदा ऐकलं. "बाई, हे पुसून टाकजा बरं. बाबानं पाह्यलं तं मारन मले."

"काय करू, दादा?" तिनं विचारलं. "तो पुसून टाक म्हणते."

नागसेननं तुकडा पुन्हा सुरुवातीला नेऊन थांबवला. "मले नाई सांगता येत. त्याची मा आहे, तिले विचार."

खैरटोल्याला निरोप गेला. कुंताबाई आल्या, आणि या वेळी लटारूही आला होता. तो आत यायला तयार नव्हता. गेलेलं पोरगं कॉम्प्युटरच्या पेटीत पाहायचं नाही, असं म्हणून तो दुकानाच्या पायरीवर बसून राहिला. माधवीनं कुंताबाईंना आत नेलं आणि दार लोटून हळूच म्हणाली, "बाई, देवा त्याच्यात नक्कल करून राह्यला. आणि पुसून टाकजा म्हणते. दाखवू की नको?"

"दाखव."

माधवीनं तुकडा सुरू केला. रिकामा मांडव. देवानंद आला, वाकला, आणि घोगरा आवाज खोलीभर घुमला. "आचलची मा! पाणी कुठी आहे? राहू दे, राहू दे, तुले काईच जमत नाई, मीच आनतो! आणि हा देवा कुठी मेला? काम दिसलं की पोट्टा पसार!"

कुंताबाई दचकून उठल्या आणि त्यांनी दाराकडे पाहिलं. "अवं, हे कधी आत आले?"

दार उघडलं. उंबऱ्यात लटारू उभा होता.

"कोण बोललं ते?" तो म्हणाला. "मी तं बोललोच नाई."

माधवी एकदा त्याच्याकडे आणि एकदा पडद्याकडे पाहत राहिली. दोन दिवस तिनं तो आवाज ऐकला होता, पण तो किती हुबेहूब होता हे तिला आता कळत होतं. शब्दाची ओढ तीच, ओरडायच्या आधीचं खाकरणं तेच. कुंताबाईंनी तोंडावर पदर धरला. त्या हसत होत्या की रडत होत्या ते कळत नव्हतं. "तुमचाच आवाज आहे हा! पोट्ट्यानं पूरा तुमचाच आवाज काढला!"

"माह्यापुढं तं तो तोंड उघडत नव्हता," लटारू म्हणाला. "हो म्हणे, नाहीतर नाई म्हणे. मले वाटे, हा माह्यं काई आयकतच नाई."

पडद्यावर देवानंद हसला, आणि मग स्वतःच्या आवाजात, पातळ, जरा घाबऱ्या आवाजात म्हणाला, "बाई, हे पुसून टाकजा बरं. बाबानं पाह्यलं तं मारन मले."

लटारू भिंत धरून खाली बसला. तो म्हणाला, "पुसू नको, बाई. मी मारत नाई."

माधवीनं तो तुकडा सीडीवर घालून दिला. आचलसाठी एक वेगळी, आणि एक स्वतःजवळ. लटारूनं तो पुन्हा कधी पाहिला नाही, असं कुंताबाई सांगत. त्या स्वतः मात्र बाजाराला आल्या की दुकानात डोकावत आणि कधी कधी म्हणत, "मले पोराचा आवाज पाह्यजे होता, वं. भेटला तो ह्यायचाच, त्याच्या बाबाचा. पोराचं तं एवढंसंच बोलणं आलं."

ते खरंच होतं. देवानंदचा स्वतःचा असा आवाज त्या सगळ्या शूटिंगमध्ये तेवढा एका वाक्याचाच निघाला. बाकी तुकडे नागसेननं आणखी दोनदा धुंडाळले, पण हाती काही लागलं नाही.

त्यानंतर माधवीनं एकाच कॅसेटवर दुसरं लग्न घ्यायचं बंद केलं. डिस्कवर फायली नेताना ती कट करत नसे, कॉपी करे, अनमाउंट म्हणे, आणि डिस्कचा दिवा विझेपर्यंत हात मांडीवर ठेवून बसे. बाहेर गिऱ्हाईक ओरडत असलं तरी. मग डिस्क पुन्हा जोडून, फाइल चालते का पाहून, तेव्हा कुठे कॉम्प्युटरवरची पुसायची. लग्नाच्या सीडीतही गाण्याखाली माणसांचे आवाज बारीक का होईना ठेवू लागली. त्यावर लोकांच्या तक्रारी आल्या, गाणं साफ ऐकू येत नाही म्हणून. तिनं ऐकल्या आणि तसंच करत राहिली.

पण त्या डिस्कमधलं सावलीचं एक लग्न पूर्णच गेलं होतं. त्याचा एकही तुकडा निघाला नाही. त्या घरच्यांना काही ठाऊक नव्हतं, त्यांनी काही मागितलंही नव्हतं. त्यांच्याकडे सीडी होती. न सांगता चाललं असतं. तरी एका सुट्टीच्या दिवशी माधवी सावलीला गेली. घरी नवरीची आई मीराबाई होती. माधवीनं ओसरीवर बसून सांगितलं, की तुमच्या घरच्या लग्नाची मूळ शूटिंग माझ्या हातून गेली, आता ती कुठंच नाही.

मीराबाईला आधी समजलंच नाही. "सीडी आहे ना आमच्याजवळ?"

"सीडी आहे. पण त्याच्यात बोलणं नाई कोणाचं."

मीराबाई हसली. "लग्नात बोलते काय कोणी? गोंधळच असते." मग ती चहा टाकायला आत गेली. चुलीजवळ तिचा म्हातारा सासरा खाटेवर बसून कोणाशी तरी मोठ्यानं बोलत होता, आणि माधवीला आठवलं, की त्या लग्नात हाच म्हातारा मांडवाच्या खांबाजवळ बसून कितीतरी वेळ गाणी म्हणत होता. तिनं ते सगळं घेतलं होतं.

ती उठून आत गेली. म्हाताऱ्याजवळ खाली बसली आणि म्हणाली, "बाबाजी, तुम्ही लग्नात म्हणत होते ते गाणं अजून येते का तुम्हाले?"

म्हातारा चकित होऊन तिच्याकडे बघू लागला. "येते ना. काऊन?"

"मी उद्या कॅमेरा घेऊन येते," माधवी म्हणाली.